अठरानंतरची ओपीडी

लालबाग, बऱ्हाणपूर

चि. डॉक्टरीणबाई,



तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, आणि तुझ्या आरोग्य केंद्रावर रेंजही धड नसते, म्हणून लिहायला बसले. एकवीस वर्षांचा मुलगा, बाप केळीच्या बागेत मजुरीला. कानांवर हात ठेवून ओपीडीच्या दारातच उभा राहिला, आत येईना. सिस्टरांनी ओढलं तर चावला. मागे रांग खोळंबलेली. तुला नाडीसुद्धा बघता आली नाही, आणि केस पेपरवर 'जळगावला पाठवले' असं लिहून तू सुटका करून घेतलीस. मग रात्री मला, दादाच्या आईला, म्हणतेस, "आत्या, अगदी दादासारखाच होता गं, पण आमच्या पुस्तकात मोठ्यांचं काही नाहीच."

नाही हे खरं. तुमच्या पुस्तकात ऑटिझम म्हणजे दोन-अडीच वर्षांचं पोर. नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, खेळण्यातल्या गाड्या ओळीत मांडत बसतं. त्याच पोराला पुढे दाढी येते, मूळव्याध होते, दाढ किडते, कावीळ होते, याचा कुठल्या धड्यात पत्ता नाही. सरकारी कागदावरही तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरला सुरू झाला. नेमून दिलेले आजार आणि व्यंगं त्यात तपासतात, ऑटिझमही तपासतात, पण वय शून्य ते अठरा. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी इकडे मध्य प्रदेशात 'उमंग' नावाची केंद्रं आहेत, तुमच्याकडे महाराष्ट्रात 'मैत्री'. मुलांनी तिथे आपण होऊन यावं, मन मोकळं करावं, लाजेच्या गोष्टी विचाराव्यात अशी ती कल्पना. जो बोलतच नाही त्याचं काय, हे त्या कल्पनेत बसत नाही. वाढीच्या अशा अडचणी आपल्या मुलांत किती आहेत हे बघायला देशात पाच ठिकाणी मोठी पाहणी झाली, उत्तर गोवा त्यात होता. २०१८ साली ती छापून आली. तीही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची. म्हणजे मोजणीतसुद्धा हे पोर दहा वर्षांचं होत नाही.

तुझ्या हद्दीत असे मोठे झालेले कोण कोण आहेत ते रजिस्टर चाळून सापडायचे नाहीत. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. ऑटिझम मोजायला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस प्रश्नांची मोजपट्टी २००९ साली तयार केली, पण तिच्यावरून दाखला द्यायचा कसा हे ठरायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी नवा कायदा झाला, सातचे एकवीस प्रकार झाले. त्याआधी ज्यांचे कागद झाले त्यांच्यावर 'मंदबुद्धी' एवढंच असतं. दादाच्या पहिल्या दाखल्यावरही तेच आहे, आणि हा माणूस भुसावळ ते खंडवा सगळ्या गाड्यांच्या वेळा झोपेतून उठवलं तरी सांगतो! बहुतेकांकडे तर कागदच नाही. तेव्हा आशाताईंच्या मीटिंगमध्ये 'ऑटिझमचे पेशंट आहेत का' असं विचारू नकोस, कुणी हात वर करणार नाही. कुणाच्या घरी असा मोठा मुलगा किंवा मुलगी आहे का ज्याला लग्नकार्यात नेत नाहीत, जो एकाच रस्त्याने फिरतो, एकाच ताटात जेवतो, बँड वाजला की घरात पळतो, असं विचार. पाच मिनिटांत चार घरं निघतील.

आता मुद्द्याचं. असा कुणी अचानक मारायला लागला, स्वतःला चावायला लागला, रात्र-रात्र जागा राहिला, जेवण सोडलं, तर 'ऑटिझम वाढला' असं कितीही शिकलेल्या माणसाने सांगितलं तरी मानू नकोस. ऑटिझम असा आठ दिवसांत वाढत नाही. आधी शरीर बघ. दात, कान, पोट, लघवी, मुलगी असेल तर पाळी, टाचेत मोडलेला काटा.

दादा सतरा वर्षांचा होता तेव्हा स्वतःच्या जबड्यावर बुक्के मारायचा, तू शाळेत होतीस, दिवाळीला आली होतीस, आठवत असेल. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आम्ही त्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता मला प्रश्न विचारले आणि गोळी लिहून दिली. बुक्के थांबले, कारण मुलगा दिवसभर झोपायला लागला. काही महिन्यांत शर्टाची बटणं लागेनात. झोपेतून उठला की पुन्हा बुक्के. शेवटी इथले आपले डॉक्टर मदतीला आले. ते बऱ्हाणपूरच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेले, नाक मुरडू नकोस. त्यांनी दादाला दवाखान्यात बोलावलंच नाही. संध्याकाळी स्वतः आले, ओट्यावर त्याच्या शेजारी बसले, गाड्यांच्या वेळा विचारत राहिले. मग खिशातली टॉर्च काढून आधी स्वतःच्या तोंडात मारून दाखवली, मग माझ्या तोंडात, मग टॉर्च त्याच्याच हातात दिली. त्याने आपण होऊन आ केला. खालची दाढ आतून पोखरलेली, शेजारची हिरडी पुवाने टम्म. दाढ काढायला भूल द्यावी लागली, त्यासाठी बरीच धावाधाव झाली, ते सगळं लिहीत नाही. दाढ निघाली आणि बुक्के बंद झाले, ते आजतागायत. इतके महिने त्या मुलाच्या तोंडात पू होता आणि आम्ही त्याच्या डोक्यावर इलाज करत होतो.

दुखणं त्यांना कमी होतं असं समजू नकोस. चेहऱ्यावर ते आपल्यासारखं उमटत नाही, आणि कुणाकुणाला तर दुखतंय ते नेमकं कुठे हेच उमगत नाही. सगळ्यात जास्त वेळा काय सापडेल सांगू? बद्धकोष्ठ. ही मंडळी चार-पाचच पदार्थ खातात. आमच्याकडे पोळी, साधं वरण, भात आणि केळं, तेही सालीवर हिरवी छटा असलेलंच. पिवळं धमक झालं की ताटात चालत नाही, बऱ्हाणपुरात जन्मून! भाजी नाही, पाणी कमी. पोटावर हात ठेवून बघ, चार दिवसांचं साचलेलं बोटांना लागेल. किती वेळा झाली असं तोंडी विचारून उपयोग नाही. मोठ्या मुलाच्या संडासाचा हिशेब आईलाही ठाऊक नसतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला लाव, दादा स्वतः करतो.

'कुठं दुखतंय' हा तुमचा पहिला प्रश्न असतो. दादाला जिल्हा रुग्णालयात एकदा विचारलं, "कहाँ दर्द है?" तो म्हणाला, "कहाँ दर्द है." त्यांनी पुन्हा विचारलं, याने पुन्हा तेच म्हटलं. त्यांना वाटलं थट्टा करतोय. ऐकलेलं वाक्य परत म्हणणं ही त्याची बोलण्याची पद्धत आहे, कधी त्यात 'हो' असतं, कधी 'मला कळलं नाही' असतं. 'पोटात दुखतंय की छातीत' असं विचारलंस तर शेवटचा शब्द उचलेल, 'छातीत' म्हणेल, आणि तू ईसीजी काढायला धावशील. त्याऐवजी कागदावर माणसाची आकृती काढून ठेव आणि पेन त्याच्या हातात दे. न बोलणारेही बोट ठेवतात. वेळ लागतो. प्रश्न विचारून झाला की मनात दहा आकडे मोज आणि गप्प बस, लगेच दुसरा विचारू नकोस. तुम्हा डॉक्टरांना हेच जड जातं.

गोळीबद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगते. त्या मुलाच्या बापाच्या पिशवीत मेडिकलवाल्याने दिलेली पट्टी असेल, आणि बहुधा ती रिस्पेरिडोनची असेल. अमेरिकेत २००६ साली या औषधाला मान्यता मिळाली ती पाच ते सोळा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांच्या चिडचिडीसाठी आणि अंगावर धावून जाण्यासाठी. ऑटिझम त्याने जात नाही. मी गोळीच्या विरुद्ध नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात त्या गोळीमुळेच मायलेक एका छपराखाली राहू शकतात. पण गोळी सुरू करणारा डॉक्टर चार-सहा तासांच्या प्रवासावर असतो आणि चालू ठेवणारा दुकानदार असतो. वजन, कमरेचा घेर, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायचं कुणी? तूच. तुझ्या केंद्रावर काटा आहे, साखरेची पट्टी आहे. सरकारची मधुमेह-बीपीची तपासणी तिशीला सुरू होते, म्हणून सिस्टर म्हणतील याचं वय बसत नाही. बसव. ही गोळी अठराव्या वर्षी वजन वीस किलोंनी वाढवू शकते. आणि हात थरथरणं, मान आखडणं, मुलींची पाळी चुकणं, छातीतून दूध येणं यांपैकी काही दिसलं तर गोळीकडे आधी बोट दाखव. मात्र एकदम बंद करू नकोस, लिहिणाऱ्याला फोन कर.

इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन म्हणून अठरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा होता. २०१६ साली फिट्स येतात म्हणून ब्रिस्टलच्या रुग्णालयात भरती झाला. अशी औषधं सोसत नाहीत, देऊ नका, असं त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी सांगितलं होतं. तरी त्याच जातीचं ओलान्झापिन दिलं गेलं आणि मुलगा गेला. त्याची आई भांडत राहिली, आणि २०२२च्या कायद्याने तिथल्या आरोग्यसेवेतल्या लोकांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचं शिक्षण घेणं सक्तीचं झालं. ते शिक्षण त्या मुलाच्याच नावाने ओळखलं जातं. एवढ्या श्रीमंत देशात आईचं ऐकलं जावं म्हणून कायदा करावा लागला. तू नुसतं ऐकलंस तरी पुष्कळ.

फिट्सचं निघालं म्हणून लिहिते. ऑटिझममध्ये फिट्स सुरू होण्याचे दोन काळ जास्त धोक्याचे, एक अगदी लहानपणी आणि दुसरा वयात येताना. वयात आलेल्याला पहिली फिट आली की गावात कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. तुझ्याकडे आणेपर्यंत दोन महिने जातात. आणखी एक, कमी दिसतं पण विसरू नकोस: धडधाकट चालता-फिरता मुलगा वयात आल्यावर हळूहळू थिजत जातो, उंबऱ्यावर अडून राहतो, हातात घास धरून बसून राहतो. घरचे म्हणतात आळशी झाला. त्याला मात्र पाठवच, आणि लवकर पाठव. स्वीडनमध्ये सत्तावीस हजारांहून जास्त ऑटिस्टिक माणसांच्या नोंदी तपासल्या, २०१६ साली तो अभ्यास छापून आला. इतरांच्या मानाने त्यांच्यात अकाली मरण सुमारे अडीच पट. ज्यांना बौद्धिक अक्षमताही आहे त्यांच्यात फिट्सचा वाटा मोठा, आणि ज्यांना ती नाही त्यांच्यात आत्महत्येचा.

हे दुसरे लोक तुझ्या दारात कान झाकून येणार नाहीत. ते शिकलेले असतात, हिशेब लिहितात, पॉवरलूमच्या कारखान्यात माल मोजून घेतात, लग्नही झालेलं असतं. त्यांत बायकाही असतात. येतात ते डोकेदुखी घेऊन, ॲसिडिटी घेऊन, झोप नाही म्हणून. त्यांना कधी कुणी काही सांगितलेलं नसतं. घरात फक्त 'तऱ्हेवाईक' म्हणतात. लहानपणापासून माणसांत बसण्याचा त्रास होतो का, आवाजाचा होतो का, एवढं विचारलंस तरी कधी कधी सगळं बाहेर येतं. आणि जगावंसं वाटतं का हे सरळ विचार, विचारल्याने कुणी मरत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा फोन मराठीतही लागतो, हिंदीतही. नंबर लिहून हातात दे.

तुझ्या दारातल्या मुलाकडे येते. दादा आता सव्विशीचा आहे आणि ताप आला तर एकटा दवाखान्यात जातो, हे तुला खरं वाटत नाही ना? यात जादू काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आजारी नसताना आणा. पहिल्यांदा तो फक्त पायरीवर बसून आला. मग बाकावर. मग काट्यावर उभा राहिला. औषध नाही, सुई नाही, फी नाही. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या आधी. हळूहळू वजनाची वही त्याची झाली, आकडा तोच लिहितो. मधल्या काळात कंपाउंडर बदलला तेव्हा डॉक्टरांनी नव्या माणसाला आधी आमच्या ओट्यावर पाठवलं होतं. तू हे केंद्रावर करू शकतेस. त्या बापाची एक दिवसाची मजुरी बुडते हे मात्र ध्यानात ठेव, म्हणून बाजाराच्या दिवशी बोलाव.

रांगेत उभं करू नकोस. सगळ्यात पहिला किंवा सगळ्यात शेवटचा घे. बाहेर झाडाखाली थांबू दे, मोटरसायकलवर बसून राहू दे, मिस्ड कॉल दिला की येईल. दादा त्याची वेळ येईपर्यंत कुंडी भंडाऱ्याच्या बाजूला चक्कर मारतो. मोगल सुभेदार खानखानानच्या काळात, १६१५ साली बांधलेल्या त्या विहिरींची तोंडं ओळीने वर आलेली आहेत, ती मोजत जातो, मोजत येतो. लोक म्हणतील आमच्या आधी याला का. तर २०१६च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात लिहिलंय, अपंग व्यक्तीला सरकारी आणि खासगी दवाखान्यात अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि तपासणीत, उपचारात अग्रक्रम मिळाला पाहिजे. मोठ्या अक्षरात लिहून खिडकीवर चिकटव, म्हणजे भांडण तुझ्याशी होणार नाही, कायद्याशी होईल. अडथळा म्हणजे आपल्याला फक्त पायऱ्या दिसतात. दादाचा अडथळा लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि फिनाइलचा वास. पॉवरलूमचा खडखडाट त्याला चालतो, कारण तो एकसारखा असतो. कुकरच्या शिट्टीला मात्र घर सोडून पळतो. तेव्हा कशाचा त्रास होतो हे प्रत्येकाच्या घरी विचारावं लागतं, अंदाज बांधू नये. चौघांनी धरून रक्त काढू नकोस. एकदा धरलेला माणूस दहा वर्षं दवाखान्यात येत नाही, हे मी दोन घरांत पाहिलंय. सुन्न करणारं मलम तासभर आधी लावून ठेव, सुई दाखव, 'पाच मोजेपर्यंत' असं सांग आणि पाचलाच थांब. पाच म्हणून आठ मोजलेस तर पुढच्या वेळी हात मिळणार नाही.

सोबत दादाचा कागद पाठवते. अमेरिकेत ओरेगॉनला क्रिस्टिना निकोलायडिस या डॉक्टर आणि डोरा रेमेकर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक यांनी २००६ साली एक गट सुरू केला. मोठ्या ऑटिस्टिक माणसांना साध्या डॉक्टरकडे नीट जाता यावं म्हणून त्यांनी साधनं तयार केली. माणसाने आपली माहिती भरायची, त्यावरून डॉक्टरसाठी पत्र तयार होतं. इंग्लंडातही असा कागद रुग्णालयात नेतात. मी आपल्या पद्धतीने एकाच पानावर केलाय, एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी, स्टेशनसमोर लॅमिनेट करून घेतलाय. त्यात लिहिलंय की मी मोठा आहे, आधी माझ्याशी बोला, मग आईशी. मी तुमचाच प्रश्न परत म्हटला तर रागावू नका, चित्र दाखवा. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगा. मी डोलतो तेव्हा मला बरं वाटत असतं, थांबवू नका. 'बस बस' म्हटलं की तुम्ही थांबा. सल्फाच्या औषधाने माझ्या अंगावर चट्टे येतात. दुखलं की मी जेवत नाही आणि गाड्यांच्या वेळा चुकवतो. हे शेवटचं वाक्य त्याच्या बाबांनी घातलं, आणि डॉक्टर म्हणतात सगळ्या कागदात तेच जास्त कामाचं. प्रत्येक घराकडे असं एक वाक्य असतं. ते काढून घे.

मुलींचं वेगळं लिहायला हवं, आणि ते लिहिताना माझा हात जड होतो. पाळी सुरू झाली की आया तुझ्याकडे येतील, दार लावून हळूच विचारतील, गर्भपिशवी काढून टाकता येते का. त्यांना तोडून बोलू नकोस. मोठी झालेली मुलगी, रक्ताने भिजलेले कपडे काढून फेकणारी, एकटी आई, आणि गल्लीतली नजर, हे सगळं मागे असतं. पण उत्तर 'नाही' हेच आहे. १९९४ साली पुण्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या ससूनमध्ये काढल्या गेल्या, स्वच्छतेचं कारण देऊन. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. आज २०१६च्या कायद्याचं दहावं कलम सांगतं की अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची शक्ती जाईल असा कुठलाही उपचार करता येणार नाही. कायदा सांगून आईचं काम भागत नाही, तेही खरं. पाळी येण्याच्या आधी वर्षभर, मोठ्या बाहुलीवर, मग चड्डीला नुसतंच पॅड लावून सवय करता येते. तोच रंग, तीच जागा, तोच डबा. दर महिन्याला त्या चार दिवसांत मुलगी डोकं आपटत असेल तर पोटदुखीची साधी गोळी वेळेआधी देऊन बघ. पिशवी काढल्याने अंगाला हात लावणारा माणूस थांबत नाही, फक्त पुरावा राहत नाही, हे त्या आईला कुणीतरी सांगायला हवं. तू बाई आहेस, तू सांगू शकतेस. आणि फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट लिहिलेली वयात आलेली मुलगी दिसली तर लिहिणाऱ्याला एकदा विचार, दुसरं काही चालेल का.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलगा अठराचा झाला की आईची सही आपोआप चालत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली समिती असते, ती पालक नेमते. न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसुद्धा त्यात येते, आधी तपासणी लागत नाही. आपल्या भागात किती घरांना हे ठाऊक आहे ते विचारू नकोस. पण पालकपत्र आईकडे असलं तरी माणूस समोर बसलाय. त्याला सांगूनच सुई टोच.

तू म्हणशील आत्याने मला सगळ्या जिल्ह्याचा भार दिला. तसं नाही. मानसोपचारतज्ज्ञ व्हायला तुला कुणी सांगत नाही, थेरपी कर असंही म्हणत नाही. ताप, दात, कान, पोट, वजन एवढंच तू बघायचंस, जे रोज साऱ्या गावाचं बघतेसच. माझी सत्तरी दूर नाही, ह्यांचा ताप्ती मिलमधला दमा तुला ठाऊक आहे. आमच्यामागे दादाला मुंबईचा मोठा डॉक्टर रोज लागणार नाही. चालत जाता येईल असा, त्याला नावाने ओळखणारा, दुखलं की तोंडात टॉर्च मारून बघणारा लागेल. लालबागमध्ये तसा एक आहे आणि तोही आता म्हातारा झालाय. तुझ्या रावेरकडे एक तयार झाला तर मला हवाच आहे, गाडीने अर्धा-पाऊण तासाचं अंतर.

कोऱ्या कागदाच्या दहा प्रती सोबत आहेत. त्यांतल्या ज्या हिंदीत भरल्या जातील त्या मला परत पाठव, इकडच्या मजुरांच्या पोरांचे असतील, त्यांच्या घरी मी जाऊन येईन. तुझ्या केंद्रात कान बघायचं यंत्र नाही म्हणालीस ना, ते डॉक्टरांकडे जुनं पडून आहे, बॅटरी बदलून दादाच्या हाती रविवारी पाठवते. तो एकटा येणार आहे, रावेरला उतरेल. फलाटावर घ्यायला ये, पण लांबून हाका मारू नकोस, गाडी किती मिनिटं उशिरा आली ते आधी विचार. बाबांना आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या